फिनाइलचा वास म्हणजे निर्जंतुक वॉर्ड नव्हे

पेशंटला भेटायला गेलेले नातेवाईक हमखास म्हणतात, "फिनाइलचा वास येतोय, म्हणजे इथे इन्फेक्शनची भीती नाही." हा समज फार जुना आहे आणि चुकीचा आहे. लादी स्वच्छ हवीच. पण दाखल झाल्यावर 48 तास उलटून गेल्यानंतर जो संसर्ग डोकं वर काढतो, तो बहुतेकदा हातांवरून आणि नळ्यांवाटे आलेला असतो.

लघवीची नळीच घ्या. ती आत असेपर्यंत लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दर दिवशी साधारण 3 ते 7 टक्के असते. आणि "राहू द्या, सारखं उठायला नको" असं सिस्टरना आपणच सांगतो! लघवीची पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवून स्ट्रेचर ढकललेलं मी पाहिलंय. तेव्हा पिशवीतली लघवी उलटी मूत्राशयाकडे जाऊ शकते. पिशवी कमरेच्या खालीच हवी, पण जमिनीला न टेकता. "ताकदीसाठी" विनाकारण लावलेलं सलाइनही तसंच: त्याची सुई म्हणजे कातडीला पाडलेलं दार. व्हेंटिलेटर, मोठं ऑपरेशन, मधुमेह, उतारवय यांनी धोका आणखी वाढतो.

आता हात. 1847 मध्ये व्हिएन्नातल्या इस्पितळात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी इतर डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू एप्रिलमधल्या सुमारे 18 टक्क्यांवरून काही महिन्यांतच 2 टक्क्यांच्या आसपास आले. हातमोजे हा त्याला पर्याय नाही. तेच मोजे घालून दुसऱ्या पेशंटला हात लावला की जंतूही तिकडे पोचतात.

म्हणून राउंडला डॉक्टर आले की रोज विचारा, "ही नळी अजून लागते का?"