सीतेची वेणी : जुन्या आंब्यावरच्या आमरीची पार्श्वभूमी

मृगाच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला राधानगरी, गगनबावडा, आंबा घाट या भागात जुन्या आंब्या-फणसांच्या फांद्यांवरून गुलाबी-पांढरे घोस लोंबू लागतात. ही सीतेची वेणी, एक आमरी म्हणजे ऑर्किड, शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. एकेका घोसात शंभरावर फुलं, पाकळ्यांवर जांभळे ठिपके, लांबी वीतभरापासून हातभरापर्यंत. बहर ओसरला की मात्र फांदीवरच्या त्या जाड, खोलगट पानांकडे वर्षभर कुणी ढुंकूनही पाहत नाही.

पाहिलंच तर बांडगूळ समजून ओरबाडून टाकतात, आणि हे मला फार लागतं. बांडगूळ फांदीत मुळं घुसवून झाडाचं पाणी आणि क्षार ओढतं. सीतेची वेणी फक्त सालीला धरून असते, आंब्याकडून जागेपलीकडे काही घेत नाही. तिची मुळं एकदा जवळून बघा. कोरडी असताना ती राखाडी-चंदेरी दिसतात, आणि पाण्याचा हबका बसला की बघता बघता हिरवी होतात. मुळावर मृत पेशींचं आवरण असतं, ते पाणी टिपतं आणि आतला हिरवा रंग वर उमटतो. पाऊस, धुकं आणि सालीच्या बेचक्यांत कुजलेला पाचोळा यांवर तिचं भागतं.

ग्रंथांतली तिची नोंद सुरू होते कोचीनमध्ये. डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याने तिथल्या वैद्यांच्या मदतीने मलबारच्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला, तो 1678 ते 1693 या काळात छापला गेला. शेवटच्या खंडात या आमरीचं चित्र आहे. याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोंकणी वैद्यांचं प्रमाणपत्र नागरी अक्षरांत छापलं आहे. आपल्या लिपीच्या छपाईचा इतका जुना नमुना झाडापाल्याच्या ग्रंथात सापडावा, याचा मला मोठा आनंद वाटतो. भारतात कधीही न आलेल्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये या वनस्पतीला शास्त्रीय नाव दिलं, ते ऱ्हेडेच्या नोंदीच्या आधारे. पुढे 1825 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लूमने तिच्यासाठी ऱ्हिंकोस्टायलिस ही वेगळी प्रजाती (जीनस) केली.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं. उष्ण प्रदेशांतल्या जंगलांतून आमऱ्या ओरबाडून जहाजं भरली गेली. त्यातल्या कितीतरी वाटेतच मेल्या. बियांपासून रोपं करावीत, तर ती क्वचितच जमत. आमरीच्या एका बोंडात हजारो बिया असतात, पण त्या धुळीएवढ्या बारीक, कोंबाला पोसणारा साठा आत जवळजवळ नाहीच. हे कोडं फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार्ड याने 1899 मध्ये उलगडलं : निसर्गात एक बुरशी बीमध्ये शिरते आणि तिच्याकडून अन्न मिळालं तरच बी रुजते. 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसन याने साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर) बुरशीशिवाय बी उगवून दाखवली. आज बाटलीत तयार होणाऱ्या रोपांमागे हेच काम आहे. लागवडीच्या इतिहासातलं खरं वळण मी हेच मानतो. त्याआधी आमरी पाळणं म्हणजे बहुतेक वेळा जंगलातून उचलून आणणंच होतं.

कोल्हापूर जिल्ह्यात पावसाचा फरक जबरदस्त आहे. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, तर शिरोळकडे पाचशेच्या घरात. आमऱ्यांचं माहेर अर्थातच पश्चिमेकडे. दाजीपूरचं जंगल 1958 मध्ये अभयारण्य झालं, 1985 मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य झालं आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. तिथून रोप उचलणं हा गुन्हा आहे.

शहरात लावायची तर रोपवाटिकेतलं, बीपासून केलेलं रोप घ्यावं. माती अजिबात नको. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं पुरतात. नाहीतर परसातल्या आंब्याला काथ्याने सैलसर बांधावं. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी झिरपता उजेड आणि खेळती हवा हवी. हिच्याकडे डेंड्रोबियम या दुसऱ्या आमरीसारखी पाणी साठवणारी जाड खोडं नसतात, म्हणून मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत रोज सकाळी मुळं भिजवावीत. रात्री पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की गाभा कुजतो. बीपासून केलेलं रोप फुलायला काही वर्षं घेतं, आणि मूळ पसरल्यावर जागा बदललेली त्याला मानवत नाही.

घाटाकडच्या रस्त्यांची रुंदीकरणं होतात तेव्हा जुनी झाडं तुटतात आणि त्यांच्यावरच्या आमऱ्या फांद्यांबरोबर जळणात जातात. झाड पाडण्याआधी वनखात्याच्या परवानगीने या आमऱ्या सालीच्या तुकड्यासकट उतरवून शेजारच्या आंब्या-फणसावर बांधता येतात. हे काम वळवाच्या सरींपासून मृगापर्यंत उरकलं, तर पावसाळ्यात नवी मुळं सालीला धरतात. तोडीच्या पंचनाम्यात झाडाच्या घेराबरोबर त्यावरच्या आमऱ्यांचीही नोंद झाली, तर त्या उतरवायची जबाबदारी कुणाची हे आधीच ठरेल.