फ्लेमिंगोचा गुडघा, निवटीचं कोपर

ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत फ्लेमिंगो पाहायला गेलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, याचे गुडघे उलटे वाकतात!" मुळात तो गुडघा नव्हेच, तो घोटा. खरा गुडघा वर पोटाजवळच्या पिसांत लपलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. घोट्याखालची लांब काडी म्हणजे पावलाची हाडं जुळून झालेलं एकच हाड. पक्षी उभा असतो तो फक्त बोटांवर. खात्री करायची तर गल्लीतल्या कुत्र्याचा मागचा पाय पाहा, त्याचीही टाच कायम अधांतरी.

हाडाला हाड लावून पाहण्याचा हा उद्योग जुना आहे. १५५५ साली प्येर बेलाँ या फ्रेंच अभ्यासकाने माणसाचा आणि पक्ष्याचा सांगाडा शेजारी शेजारी छापला. रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये अशा सारखेपणाची व्याख्या केली: रूप आणि काम कितीही बदललं तरी वेगवेगळ्या प्राण्यांत जो अवयव तोच राहतो, तो समजात. ओवेनला यात एक आदर्श आराखडा दिसत होता. डार्विनने १८५९ मध्ये त्याच हाडांकडे बोट दाखवून म्हटलं, हा आराखडा नव्हे, हा पूर्वजांचा वारसा. ओवेन शेवटपर्यंत त्याच्यावर नाराजच राहिला.

आपला हातच घ्या: दंडात एक हाड, पुढे दोन, मग मनगट, मग बोटं. येऊरच्या जंगलातल्या बिबट्याचा पुढचा पाय असाच. मुंबईच्या समुद्रातल्या डॉल्फिनचं वल्हं सोललं तर आत हीच मांडणी, फक्त बोटांची पेरं वाढलेली. वल्ह्यासाठी मनगट कशाला? नव्याने बनवायचं असतं तर कुणी ते घातलं नसतं. पण वडिलोपार्जित घरात राहणारा माणूस भिंती पाडत नाही, आहे त्या खोल्याच वापरतो.

दहावीच्या पुस्तकात 'शरीरशास्त्रीय पुरावे' म्हणून एवढं येतं. खरी मजा पुढे आहे. वटवाघूळ उडतं, फ्लेमिंगोही उडतो, म्हणून त्यांचे पंख एकाच पूर्वजाकडून आले का? नाही. वटवाघळाचं कातडं चार लांबलेल्या बोटांवर ताणलेलं असतं. पक्ष्याची बोटं आखडून जुळलेली, उडण्याचं काम पिसांचं. हात म्हणून ते समजात, पंख म्हणून नाहीत. उडणं दोघांनी स्वतंत्रपणे कमावलं.

याहून चकवणारी ती आपली निवटी. ओहोटीला चिखलावर परांच्या जोरावर सरपटणारा हा मासा पाहून वाटतं, पाण्यातून जमिनीवर येणाऱ्या आपल्या पूर्वजाचीच ही प्रतिकृती. तिच्या परात कोपरासारखा वाकणारा सांधाही आहे. पण आत दंडाचं एक हाड आणि पुढची दोन, ही मांडणीच नाही. निवटीचं कुळ आपल्यापासून ४० कोटी वर्षांहून आधी वेगळं झालं.

ती मांडणी ज्याच्या परात असायला हवी तो प्राणी, टिकटालिक, जीवाश्मरूपात कॅनडाच्या आर्क्टिक भागात २००४ साली मिळाला. जीवाश्मतज्ज्ञ नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम, आपले पूर्वज पाण्यातून जमिनीवर येत होते त्या काळातले, उथळ प्रवाहात साचलेले खडक निवडून शोध घेतला होता. हा टिकटालिक सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा: अंगावर खवले, परात माशासारखे काटे, आणि त्यांच्या बुडाशी दंडाचं एक हाड, पुढची दोन आणि मनगटाची सुरुवात.