इ.स.पू. ४६ : ४४५ दिवसांचं वर्ष

इ.स.पू. ४६ हे वर्ष रोममध्ये ४४५ दिवस चाललं. नंतरच्या काळातल्या माक्रोबियस या रोमन लेखकाने त्याला ‘गोंधळाचं शेवटचं वर्ष’ म्हटलं, आणि त्यातला ‘शेवटचं’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण गोंधळ आधीच माजला होता. या वर्षी तो निस्तरला गेला.

रोमचं जुनं वर्ष ३५५ दिवसांचं. मार्च, मे, क्विंटिलिस (आजचा जुलै) आणि ऑक्टोबर ३१ दिवसांचे, फेब्रुवारी २८चा, बाकी सगळे २९चे. सूर्याच्या मानाने दरवर्षी दहा दिवस कमी पडत. म्हणून साधारण वर्षाआड फेब्रुवारी २३ किंवा २४ तारखेला तोडून तिथे २७ दिवसांचा अधिक महिना घालत. ते वर्ष ३७७ किंवा ३७८ दिवसांचं होई. चार वर्षांची बेरीज १,४६५, म्हणजे सरासरी ३६६.२५ दिवस. एक दिवस जास्तच.

पण खरं दुखणं हिशेबात नव्हतं. आपला अधिक मास संक्रांतीवरून ठरतो; ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक, तिथे कोणाची मर्जी चालत नाही. रोममध्ये हा निर्णय पाँटिफेक्स या धर्माधिकाऱ्यांच्या मंडळाकडे होता, आणि ही मंडळी राजकारणात मुरलेली. महिना वाढला की पदावरच्या माणसाची मुदतही वाढे. सिलिशिया (आजच्या तुर्कस्तानातला) प्रांताचा कारभार पाहणारा वक्ता आणि राजकारणी सिसेरो रोमला परतायला इतका उतावीळ होता, की यंदा अधिक महिना पडू देऊ नका, अशी गळ त्याने पत्रांतून घातली. उलट इ.स.पू. ५० मध्ये क्यूरिओ या लोकप्रतिनिधीला (ट्रिब्यून) तो हवा होता. मंडळाने नकार दिला आणि क्यूरिओ सेनानी ज्युलियस सीझरच्या गोटात गेला.

मंडळाचा प्रमुख इ.स.पू. ६३ पासून खुद्द सीझर होता. पण तो आधी गॉलमध्ये, मग यादवी युद्धात. इ.स.पू. ५२ नंतर अधिक महिना पडलाच नाही. इ.स.पू. ४६ ची १ जानेवारी उजाडली तेव्हा ऋतूंप्रमाणे ऑक्टोबरचा मध्य होता. सुगीचे सण उन्हाळ्यात येईनासे झाले होते.

त्या वर्षी एप्रिलमध्ये उत्तर आफ्रिकेत थॅप्ससची लढाई सीझरने जिंकली, जवळच्या युटिकात त्याचा विरोधक केटोने आत्महत्या केली, पुढे रोममध्ये सीझरच्या चार विजयमिरवणुका निघाल्या. सीझरने हाती घेतलेलं दिनदर्शिकेचं काम दोन टप्प्यांत झालं. फेब्रुवारीत नेहमीच्या पद्धतीने २३ दिवसांची भर पडली; मग नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या मध्ये ६७ दिवसांचे दोन महिने घातले. ३५५, २३ आणि ६७ मिळून ४४५. सिसेरोच्या एका पत्रावर यांतल्या पहिल्या जादा महिन्याच्या हिशेबाने तारीख आहे.

इ.स.पू. ४५ पासून अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनीस या खगोलज्ञाच्या सल्ल्याने ३६५ दिवसांचं वर्ष सुरू झालं. जानेवारी, सेक्स्टिलिस (आजचा ऑगस्ट) आणि डिसेंबरला दोन-दोन, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबरला एकेक दिवस मिळाला. हे दिवस महिन्याच्या अखेरीकडे घातले, म्हणजे ठरलेले सण हलणार नाहीत. दर चौथ्या वर्षी २४ फेब्रुवारी दोनदा धरायची.

सीझरच्या खुनानंतर धर्माधिकाऱ्यांनी इथेच घोळ घातला. रोमन मोजणीत सुरुवातीचं वर्षही धरतात, त्यामुळे ‘चौथं’ वर्ष तीन वर्षांनीच आलं. ३६ वर्षांत ९ ऐवजी १२ लीप दिवस पडले. सीझरचा वारस आणि पहिला सम्राट ऑगस्टसने पुढचे तीन लीप दिवस गाळायला लावले, आणि इ.स. ८ पासून चार वर्षांचा क्रम नीट बसला.