२,१४,७४,८३,६४७ (मूळ संख्या)

२^३१ − १ एवढी मूळ संख्या. वाचन : दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. मर्सेन मूळ संख्यांमध्ये (२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांमध्ये) हिचा क्रमांक आठवा. ती मूळ असल्याचे गणितज्ञ ऑयलर यांनी १७७२ साली दाखवले. पुढे हिला ‘म’ म्हटले आहे.

म चे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित वर आहे. तिथपर्यंतच्या ४,७९२ मूळ संख्यांनी भागून पाहणे हा सरधोपट मार्ग. ऑयलर यांची पद्धत फार सुंदर आहे. समजा, भ ही मूळ संख्या म ला भागते. मग २^३१ ला भ ने भागल्यावर बाकी १ उरते. ३१ मूळ असल्याने त्याहून लहान घाताला अशी बाकी येत नाही. म्हणून (भ − १) ला ३१ ने, आणि भ विषम असल्यामुळे ६२ ने भाग जातो. शिवाय २^३२ ची बाकी २ येते, म्हणजे भ च्या हिशेबात २ हा २^१६ चा वर्ग ठरतो. त्यामुळे भ ला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ च उरतात. दोन्ही अटी मिळून भ हा २४८क + १ किंवा २४८क + ६३ (क पूर्णांक) याच रूपाचा हवा. तपासायच्या मूळ संख्या ऐंशीच्या आसपास राहतात : ३११, १३०३, १४८९ अशा. ३११ ने भागल्यावर बाकी ३५; पुढेही कुठे नि:शेष भाग जात नाही.

ल्युका–लेमर चाचणी आणखी झटपट होते. ४ घ्या, वर्ग करून २ वजा करा, म ने भागून बाकी ठेवा, हे २९ वेळा. शेवटी ० आले की संख्या मूळ. वर्ग ६२ बिटांपर्यंत (द्विमान अंकांपर्यंत) जातो, तेव्हा प्रोग्रॅममधल्या ३२ बिटी चलात गुणाकार केला तर उत्तर गुपचूप चुकते. प्रत्यक्ष भागाकार नकोच : खालचे ३१ बिट आणि वरचे बिट यांची बेरीज करावी, ती म किंवा त्याहून मोठी असल्यास म वजा करावा. बेरीज नेमकी म आली तर तिला ० मानायचे राहून जाते. चूक बहुधा इथेच सापडते.

यादृच्छिक संख्यांसाठी आधीच्या संख्येला १६,८०७ ने, म्हणजे ७^५ ने, गुणून म ची बाकी घेतात. १ ते म − १ या सर्व संख्या एकेकदा येऊन मगच चक्र पुन्हा सुरू होते. बीज, म्हणजे सुरुवातीची संख्या, ० दिले तर मात्र शून्यच येत राहते. बीज १ असता १०,००० व्या पायरीला १,०४,३६,१८,०६५ यायला हवे. प्रोग्रॅम तपासायला हा ताळा पुरतो.

म ही चिन्हासह ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्याही आहे. ते तिच्या मूळ असण्यामुळे नव्हे, द्विमान पद्धतीत ती सलग ३१ वेळा १ अशी लिहिली जात असल्यामुळे. अशा चलात रक्कम पैशांत ठेवली तर मर्यादा २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे. मुंबईत फ्लॅटचे कितीतरी करार याहून मोठ्या रकमेचे होतात. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजणारी जुनी घड्याळे मुंबईच्या वेळेनुसार मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांना म वर पोहोचतील. पुढच्याच सेकंदाला ती डिसेंबर १९०१ दाखवतील.