टर्बोला जागं ठेवणारा गिअर

मागच्या रविवारी मावसभावाच्या नव्या एक लिटर टर्बो पेट्रोलमधून फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सला चढत होतो. समोर एक ऑटो, स्पीड ३० वर आला, दादाने गिअर तिसराच ठेवला आणि एक्सलेटर पूर्ण दाबला. गाडी नुसती घुरघुरली. "पाह्य बरं, चढावर उचलूनच नाही राहिली, टर्बो गेला वाटते." म्हटलं दादा, दुसरा टाक. टाकला, आणि दुसऱ्याच क्षणी गाडी ऑटोच्या पुढे.

टर्बो एकदम ठीक होता, फक्त फिरत नव्हता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटं चक्र फिरतं आणि ते इंजिनात जास्त हवा कोंबतं, स्वित्झर्लंडच्या अल्फ्रेड ब्यूखीने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. छोट्या गाडीतलं हे चक्र मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातं, हलकं असल्यामुळे कमी धुरातही लवकर जागं होतं, पण लवकर म्हणजे तरी इंजिनाच्या मिनिटाला साधारण १७५० फेऱ्या, म्हणजे १७५० आरपीएम. त्याखाली तुमच्याकडे फक्त बिनटर्बोचं एक लिटर इंजिन असतं. आणि वर ४५००-५००० नंतर तेच लहान चक्र वाट अडवायला लागतं, म्हणून जास्त ताणण्यातही फायदा नाही. म्हणजे मधल्या पट्ट्यात राहायचं, आणि ते काम गिअरबॉक्सचं.

आता हिशोब करू, मला तर यातच खरी मजा वाटते. १८५/६० आर १५ टायर एका फेरीत साधारण १.९ मीटर जातो. समजा दुसरा गिअर १.९५, तिसरा १.३ आणि फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांआधीचा न बदलणारा शेवटचा गिअर, ४.२. या आकड्यांचा गुणाकार म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या. मग १००० आरपीएमला दुसऱ्यात गाडी १४ च्या स्पीडने जाते, तिसऱ्यात २१ च्या. त्या चढावर ३० च्या स्पीडला तिसऱ्यात झाले १४४० आरपीएम, टर्बो झोपलेला. दुसऱ्यात २१५०, टर्बो जागा. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम दोन तृतीयांशावर येतो, म्हणजे जुन्या गाडीच्या सवयीने २००० ला गिअर वाढवला तर सरळ १३३० वर आदळता, तेच २७०० ला वाढवला तर १८०० वर उतरता आणि ओढ तुटत नाही.

मग कंपनीने गिअरच छोटे, म्हणजे त्याच स्पीडला इंजिन जास्त फिरवणारे (आकडा मोठा), का नाही दिले? फायनल ड्राइव्ह ४.२ चा ४.६ केला तरी ३० ला तिसऱ्यात जेमतेम १५७५ होतात, टर्बो अजून झोपेतच, आणि तिकडे समृद्धीवर १२० ला पाचव्यात (०.७६ धरा) ३३६० चे ३६८० आरपीएम, तासन्‌तास इंजिनचा आवाज आणि ॲव्हरेजचं नुकसान वेगळं. म्हणून सहावा गिअर इतका कामाचा आहे. फायनल ड्राइव्ह ४.६ आणि सहावा ०.६५ ठेवला तर १२० ला ३१५० वरच भागतं, आणि खालचे गिअर एकमेकांच्या जवळ बसवता येतात, म्हणजे गिअर बदलताना आरपीएम कमी पडतो. टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक हे वेगळ्या पद्धतीने सोडवते, तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाच्या जोडणीने जोडलेले असतात, सुरुवातीला ती जोडणी थोडी घसरते, तेवढ्यात इंजिन वर चढून टर्बोला उठवतं.

आपल्या नागपुरात मे महिन्यात यात आणखी एक भर पडते. ४५ डिग्रीची हवा २५ च्या हवेपेक्षा साधारण ६ टक्के विरळ, वरून एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवर बसलेला, मग व्हरायटी चौकात सिग्नल सुटल्यावर त्या झोपेच्या पट्ट्यात गाडी जास्तच सुस्त वाटते. पहिला गिअर बराच छोटा ठेवलेला असतो, तो इथे कामाला येतो.

आणि हे मनापासून सांगतो, वरच्या गिअरमध्ये १४०० वर एक्सलेटर तळाला नेऊ नका. अशा लोडखाली टर्बो डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनात पेट्रोल ठिणगीच्या आधीच पेटू शकतं, आणि तो ठोका पिस्टनवर बसतो, कधीकधी पिस्टन फुटेपर्यंत.

दादा आता तिसरा ४० नंतर टाकतो. परवा त्याच चढावर मी बाजूला बसून टॅकोमीटर बघत होतो, काटा १९०० च्या खाली आलाच नाही.