समुद्रकाकडीपालनातील रोगप्रतिकारवृद्धी

पाळीव समुद्रकाकड्यांची (समुद्रतळावर राहणाऱ्या, लांबट व मऊ अंगाच्या प्राण्यांची) अंगभूत संरक्षणव्यवस्था खाद्यातून किंवा पाण्यातून दिलेल्या द्रव्यांनी सज्ज ठेवण्याची पद्धत. प्रतिजैविकांना पर्याय म्हणून तिचा अभ्यास व वापर मुख्यतः उत्तर चीनमध्ये झाला. तेथील ल्याओनिंग व शान्तुंग प्रांतांच्या किनाऱ्यावर अपोस्टिकोपस जॅपोनिकस ही काटेरी जाती मोठ्या प्रमाणावर पाळतात. बरेचसे तलाव पूर्वी कोळंबीचे होते. त्यांच्या तळाशी दगडांचे ढीग किंवा कौले रचून प्राण्यांना आडोसा केला जातो. दाटी वाढली आणि तळाचा गाळ कुजू लागला की रोग शिरतो.

सर्वांत घातक रोग त्वचाव्रणाचा. त्यात व्हिब्रिओ स्प्लेंडिडस हा जीवाणू प्रामुख्याने आढळतो. थंडीच्या अखेरीस, पाणी गार असताना, साथ येते. आजारी प्राणी डोके हलवत राहतो, तोंड सुजते, तळाला धरलेली पकड सुटते. पुढे अंगावर पांढुरके ठिपके पडून त्यांचे व्रण होतात, आतडी बाहेर टाकली जातात आणि शेवटी देहभित्तीच विरघळून चिकट लगदा उरतो. चिनी शेतकरी याला ‘कातडी विरघळण्याचा रोग’ म्हणतात.

यावर नेहमीच्या अर्थाने लस देता येत नाही. समुद्रकाकडीला कणा नाही, तशी प्रतिपिंडेही (लसीमुळे तयार होणारी, ठराविक जंतूला ओळखणारी प्रथिने) नाहीत. तिचा सारा भार जन्मजात प्रतिकारशक्तीवर असतो. देहगुहेतील द्रवात फिरणाऱ्या पेशी जंतूंना गिळतात. लायसोझाइमसारखी विकरे (एन्झाइम) जीवाणूंच्या भित्ती फोडतात. जंतूंना चिकटून त्यांचा नाश सोपा करणारी ‘पूरक’ प्रथिने मदतीला येतात. पेशींनी परकी वस्तू गिळण्याची ही क्रिया रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेच्निकोव्ह यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे पाहिली, तीही समुद्रकाकडीच्याच नात्यातील तारामीनात. त्याच्या पारदर्शक डिंभात (अळीसारख्या बाल्यावस्थेत) गुलाबाचा काटा खुपसला, तर काट्याभोवती पेशी गोळा झाल्या. या संशोधनासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

प्रतिकारवर्धक द्रव्ये याच पेशींना जागे करतात. सर्वाधिक अभ्यासलेले द्रव्य म्हणजे यीस्टच्या पेशीभित्तीतील बीटा-ग्लुकान ही बहुशर्करा (साखरेच्या अनेक रेणूंची साखळी). प्राण्याच्या पेशी ते बुरशीची खूण म्हणून ओळखतात आणि प्रत्यक्ष शत्रू नसतानाही तयारीला लागतात. किलोभर खाद्यात ते थोडेसेच लागते. बॅसिलस सबटिलिससारखे उपकारक जीवाणू वेगळ्या वाटेने काम करतात: आतड्यात आधीच जागा धरून ते रोगजंतूंना थारा मिळू देत नाहीत. चिनी वैद्यकातील हुआंगची या मुळीतील बहुशर्करा, मॅनन-ऑलिगोसॅकराइड ही यीस्टमधील शर्करा, क जीवनसत्त्व यांचेही प्रयोग झाले आहेत.

प्रयोगशाळेतून तलावात येताना बऱ्याच अडचणी उभ्या राहतात. सार्गॅसम शैवालाचे पीठ आणि समुद्री चिखल हे या प्राण्याचे रोजचे खाद्य. तळावर पसरलेले हे खाद्य तो सावकाश खातो, तोवर क जीवनसत्त्वासारखे विरघळणारे घटक पाण्यात निघून जातात. म्हणून त्यांना वेष्टन देतात. सतत मारा केल्यास पेशींचा प्रतिसाद थकतो, त्यामुळे काही दिवस देऊन काही दिवस थांबणे श्रेयस्कर. उन्हाळ्यात तर पाणी तापल्यावर समुद्रकाकडी ग्रीष्मनिद्रेत जाते, खाणे सोडते, तिचे आतडे आक्रसते. त्या काळात खाद्यातून काहीच पोहोचत नाही. जी तयारी करायची ती आधीच करावी लागते.

परिणाम मोजण्यासाठी देहगुहेतला द्रव काढून पेशींची भक्षणक्षमता आणि विकरांची क्रिया तपासतात, तसेच जीवाणू टोचून किती प्राणी तगतात हे पाहतात. किती प्राणी तगतात हाच खरा निकष मानला पाहिजे. विकरांचे आकडे चढले म्हणजे प्राणी वाचेलच असे नाही. शिवाय काळवंडलेला, प्राणवायू संपलेला तळ आणि पावसाने एकाएकी उतरलेला पाण्याचा खारेपणा यांपुढे कोणतेही ग्लुकान टिकत नाही. पाणी बदलणे, गाळ काढणे आणि दाटी कमी ठेवणे यांची जागा ते घेऊ शकत नाही.

उष्ण कटिबंधातील होलोथुरिया स्काब्रा या जातीच्या पालनातही अशा द्रव्यांचे प्रयोग होतात. या जातीचे बीज (पालनासाठीची पिल्ले) प्रथम भारतात, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तुतिकोरिन केंद्रात १९८८ मध्ये तयार झाले. पुढे २००१ मध्ये समुद्रकाकड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातल्याने त्या पकडणे व विकणे भारतात बेकायदा ठरले.