निविदा, महानगरपालिकेची (ठाणे व नवी मुंबई)

महानगरपालिकेला माल, बांधकाम अथवा सेवा पुरवू इच्छिणाऱ्याने ठरावीक अटींवर व ठरावीक मुदतीत दिलेला गुप्त दराचा देकार म्हणजे निविदा. व्यापक अर्थाने, असे देकार मागवण्यापासून देयक चुकते होईपर्यंतच्या साऱ्या कार्यपद्धतीलाही हा शब्द लावतात. प्रस्तुत नोंद ठाणे व नवी मुंबई या दोन महानगरपालिकांपुरती आहे. पनवेल महानगरपालिकेची (स्थापना २०१६) काही उपनगरे सिडकोने (शहर विकासाचे शासकीय महामंडळ) वसवलेल्या नवी मुंबईत मोडतात. पण ती महानगरपालिका रायगड जिल्ह्यातील असल्याने तिचा येथे विचार केलेला नाही.

संज्ञा : मक्ता, ठेका, कंत्राट आणि निविदा हे चार शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी येतात. त्यांपैकी मक्ता बहुधा सर्वांत जुना. त्याच्या मुळाशी ‘तोडणे, कापणे’ या अर्थाचा अरबी धातू आहे; ठोक रकमेवर वसूल तोडून देणे हा त्याचा मूळ व्यवहार. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशात तो आढळतो. खानदेश आणि पुण्याकडील नगरपालिकांच्या कागदांत ‘मक्तेदार’ अजून भेटतो. ठाण्यात ‘मक्तेदारी’ एवढाच त्याचा अवशेष उरला आहे आणि तोही निंदेपुरता. ठेका हिंदीतून आला, त्याबद्दल वाद नाही.

कंत्राट या शब्दाबद्दल मात्र आहे. एका मताने तो पोर्तुगीज ‘कॉन्त्रातो’वरून आला, दुसऱ्या मताने इंग्रजी ‘काँट्रॅक्ट’वरून. शब्दाची घडण पहिल्या मताच्या बाजूची आहे : इंग्रजी शब्दातला अखेरच्या ‘ट’आधीचा ‘क्’ मराठी रूपात नाही, आणि ‘त्रा’मधला दंत्य ‘त’ पोर्तुगीज उच्चाराशी जुळतो (मेस्त्री, पिस्तूल यांतही तो तसाच टिकला). अखेरचा मूर्धन्य ‘ट’ इंग्रजी वळणाचा वाटतो, हा आक्षेप रास्त आहे. पण पोर्तुगीजांबरोबर आलेला ‘बटाटा’ही मूर्धन्य ‘ट’ घेऊनच रूढ झाला. तेव्हा एवढ्या एका वर्णावरून निर्णय करता येत नाही. ठाणे, साष्टी, वसई हा पट्टा सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून १७३७–३९ च्या मराठी मोहिमेपर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, हे ध्यानात घेता पोर्तुगीज उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे इंग्रजी अमदानीत त्याच शब्दाला इंग्रजी शब्दाचा टेकू मिळून तो पक्का झाला असावा.

‘निविदा’ शब्द संस्कृत नि + विद् (कळवणे) यापासून साधला आहे. निवेदन आणि नैवेद्य ही त्याची भावंडे. वैदिक यज्ञकर्मात ‘निविद्’ नावाची छोटी गद्यसूत्रे ‘शस्त्र’ नावाच्या स्तुतिपाठात घालत, आणि या साम्यामुळे आजच्या निविदेची वंशावळ तिथपर्यंत नेण्याचा मोह होतो. तो टाळावा. प्रशासकीय अर्थाचा शब्द अर्वाचीन असून, राज्यनिर्मितीनंतर भाषा संचालनालयाच्या (स्थापना १९६०) परिभाषाकार्याच्या काळात तो शासकीय लेखनात स्थिरावला असे मानणे सयुक्तिक. बोलताना मात्र वागळे इस्टेटमधला कारखानदार आणि पालिकेतला लिपिक दोघेही ‘टेंडर भरलं’ असेच म्हणतात.

कायदेशीर आधार : ठाणे नगरपालिका १८६३ मधील, १ ऑक्टोबर १९८२ रोजी ती महानगरपालिका झाली. नवी मुंबई महानगरपालिकेचे कामकाज १ जानेवारी १९९२ रोजी सुरू झाले. दोन्हींना १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम लागू आहे. तो आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जातो. करारविषयक तरतुदींचा साचा बृहन्मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमाशी इतका मिळताजुळता आहे, की एकाच्या वाचनाने दुसऱ्याचे पुष्कळ काम भागते.

१९४९ च्या अधिनियमाच्या कलम ७३ नुसार करार आयुक्ताने पालिकेच्या वतीने करायचा असतो, आणि ठरावीक रकमेपुढील करारास स्थायी समितीची पूर्वमान्यता लागते. (ही रक्कम वेळोवेळी वाढली आहे.) सोळा सदस्यांच्या या समितीकडे तिजोरीची किल्ली असते असे म्हणतात, ते याच कलमामुळे. नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून लोकनियुक्त सभागृह नसल्याने, जानेवारी २०२६ मधील निवडणुकांपर्यंत प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा प्रशासक एकच होता.

पुरवठादाराच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे कलम ७४. विहित रीतीने न झालेला करार पालिकेवर बंधनकारक नाही, असे ते सांगते. अधिकाऱ्याने फोनवरून ‘माल पाठवून द्या, कागद मागाहून करू’ म्हटले आणि माल गेला, तर कराराच्या आधारे पैसे मागता येत नाहीत. अशा वेळी भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० चा आसरा उरतो : फुकट देण्याचा हेतू नसताना दिलेल्या वस्तूचा लाभ ज्याने घेतला, त्याने भरपाई द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये पश्चिम बंगाल शासनाविरुद्धच्या एका ठेकेदाराच्या दाव्यात हे तत्त्व शासकीय व्यवहारालाही लागू केले. पण ती भरपाई ठरते न्यायालयात आणि वर्षांनी. जुने पुरवठादार कार्यादेश (वर्क ऑर्डर) हाती आल्याशिवाय टेम्पो भरत नाहीत.

याला अपवाद आपत्तीचा. अचानक दुर्घटना, अनपेक्षित घटना वा नैसर्गिक संकट ओढवल्यास कलम ६७ (३) (क) अन्वये आयुक्त तत्काळ कृती करून नंतर स्थायी समितीस व महासभेस कळवू शकतो. या कलमाचा आधार किती सैल वापरावा हा दोन्ही शहरांत कायमचा वादविषय आहे. मूळ शब्दयोजना पाहता, पावसाळा दरवर्षी येतो म्हणून नालेसफाई ‘अनपेक्षित’ ठरवणे टिकण्यासारखे नाही.

पालिकेच्या करारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणारी व्यक्ती नगरसेवकपदास अपात्र ठरते (कलम १०).

खरेदीचे मार्ग : किरकोळ रकमेची खरेदी दरपत्रके मागवून होते, कार्यालयांत त्यांना ‘कोटेशन’ म्हणतात. किमान तीन दरपत्रके आणि तुलनात्मक तक्ता एवढ्यावर ती उरकते. राज्य शासनाने १ डिसेंबर २०१६ रोजी काढलेल्या खरेदी नियमपुस्तिकेत ३ लाख रुपयांवरील खरेदीस ई-निविदा आवश्यक ठरवली. मर्यादेत पुढे बदल झाले, म्हणून प्रत्येक वेळी चालू शासन निर्णय पाहणे इष्ट. मर्यादेखाली राहण्यासाठी एकाच खरेदीचे तुकडे पाडण्यास नियमांत मनाई आहे. केंद्राची जेम ही ऑनलाइन बाजारपेठ ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली व पुढच्या वर्षी राज्याने ती स्वीकारली. संगणक, खुर्च्या, प्रिंटरची शाई अशा तयार वस्तूंसाठी ती सोयीची. बांधकामासाठी महाटेंडर्स हे राज्याचे संकेतस्थळ.

सगळ्याच सेवा निविदेत येत नाहीत. सुरक्षारक्षक, उदाहरणार्थ, १९८१ च्या राज्य अधिनियमाखालील सुरक्षा रक्षक मंडळाकडून वा राज्य सुरक्षा महामंडळाकडून थेट घेता येतात.

नवख्या विक्रेत्याची पहिली चूक बहुधा पत्त्याची असते. ऐरोलीपासून नेरूळपर्यंतच्या ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसी, सिडको आणि महानगरपालिका असे तीन स्वतंत्र ग्राहक आहेत. रबाळ्यातल्या कारखान्याचा मालमत्ता कर पालिका घेते, पण त्याच्या भूखंडाचा कारभार एमआयडीसीकडे. आणि शहराच्या काही भागांत जमिनीची मालकी अजून सिडकोची. तिघांच्या निविदा वेगळ्या आणि अटीही वेगळ्या. ठाण्यात हा गोंधळ कमी आहे. मात्र स्मार्ट सिटीची कामे वेगळ्या कंपनीमार्फत निघाली.

कार्यपद्धती : निविदासूचना निघण्याआधीच बरेच काही ठरलेले असते. कामाला प्रशासकीय व तांत्रिक मंजुरी लागते. बांधकामाचे प्राकलन (खर्चाचा अंदाज) राज्याच्या दरसूचीवरून होते. आणि अंदाजपत्रकात त्या लेखाशीर्षावर (खर्चाच्या सदरावर) तरतूद असावी लागते. पालिकेचे अंदाजपत्रक जाहीर दस्तऐवज आहे. कोणत्या विभागाला वर्षात काय घ्यायचे आहे हे त्यात निविदेच्या कित्येक महिने आधी वाचता येते, तरी ते उघडून पाहणारे लघुउद्योजक थोडेच.

निविदा दोन लिफाफ्यांत मागवतात : पहिला तांत्रिक, दुसरा दराचा. लिफाफे आता कागदी नाहीत, नाव तेच राहिले. भरणाऱ्याकडे तिसऱ्या वर्गाचे डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र लागते. १ जानेवारी २०२१ पासून दुसऱ्या वर्गाचे देणे बंद झाले. दराचा तक्ता संकेतस्थळावरून उतरवून त्याच फाइलमध्ये, नाव न बदलता, भरायचा असतो. नाव बदलल्यास प्रणाली ती स्वीकारत नाही. घड्याळ सर्व्हरचे धरले जाते. ठरलेल्या वेळी किमान दोन अधिकारी आपापल्या डिजिटल चाव्यांनी लिफाफे उघडतात.

बयाणा रक्कम (काही सूचनांत ‘इसारा’) निविदेसोबत भरावी लागते, आणि काम मिळाल्यावर सुरक्षा अनामत. प्राकलनापेक्षा फारच कमी दर भरल्यास वाढीव अनामत मागतात. ठेकेदारांच्या बोलीत ‘बिलो’ जाण्याची ही किंमत. पात्र निविदाकार तीनपेक्षा कमी आल्यास पहिल्या वेळी सामान्यतः मुदतवाढ वा फेरनिविदा होते.

निविदेचा निकाल दराच्या लिफाफ्यात लागतो असे वर्णन सर्रास आढळते. कागदपत्रे पाहिली तर अधिक निर्णायक ठरतो तो पहिला लिफाफा : मागील तीन वर्षांची उलाढाल, तशाच कामाचा अनुभव, विशिष्ट मानांकन. या अटी ज्याला बाहेर ठेवतात, त्याचा दर उघडलाच जात नाही. म्हणून आक्षेप घ्यायचा तर निविदापूर्व बैठकीत आणि लेखी. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेच्या प्रकरणात, सार्वजनिक संस्थेने स्वतः घातलेली पात्रतेची अट तिच्यावरही बंधनकारक असते, असे ठरवले. पण अर्जदार उशिरा आला, म्हणून त्याला दिलासा दिला नाही. निकालाचा पहिला भाग सर्वत्र उद्धृत होतो, दुसरा क्वचितच. त्याच न्यायालयाच्या १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून न्यायालये निर्णयाची प्रक्रिया तपासतात, निर्णयाच्या जागी स्वतःचा निर्णय ठेवत नाहीत.

निविदाकारांनी आपसांत दर ठरवणे, ज्याला बाजारात ‘रिंग’ म्हणतात, स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ खाली निषिद्ध आहे. काळ्या यादीत टाकण्यापूर्वी कारणे दाखवा नोटीस द्यावीच लागते. हा नियम १९७४ पासून प्रस्थापित आहे.

लघुउद्योग : केंद्राच्या धोरणातील २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करण्याचे बंधन महानगरपालिकांनाही लागू आहे, असा समज ठाण्याच्या उद्योजकांत आढळतो. ते धोरण केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांसाठी आहे. पालिकांच्या बाबतीत राज्याचे धोरण आणि त्या त्या निविदेतील अटी पाहाव्या लागतात. बयाणा रकमेतील सवलत तिथे मिळू शकते. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची केंद्रीय नोंदणी, १ जुलै २०२० पासून) त्यासाठी हवीच. महिला बचत गटांना काही किरकोळ कामे दिली जातात.

देयक : बांधकामाचे देयक मोजमाप पुस्तिकेवरून आणि मालाचे भांडार विभागाच्या पावतीवरून निघते. त्यातून वजावटी होतात : अडीच लाखांवरील करारांत वस्तू व सेवा कराची २ टक्के उद्गम कपात (टीडीएस, १ ऑक्टोबर २०१८ पासून), आयकराची व्यक्तीस १ व कंपनीस २ टक्के, बांधकामावर कामगार कल्याण उपकर १ टक्का. घटनेच्या अनुच्छेद २४३-ब (इंग्रजीत 243W) मधील कामांसाठी, म्हणजे नागरी स्वराज्य संस्थांच्या कामांसाठी, पालिकेला दिलेली निव्वळ (मालाविना) सेवा वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. झाडलोटीचा ठेका घेणाऱ्याने दर भरताना हे न पाहिल्यास तो तिथेच महाग ठरतो.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम अधिनियमाने देयकाची कमाल मुदत ४५ दिवस ठेवली आहे. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज लागते, आणि दाद याच अधिनियमाखालील सुविधा परिषदेकडे मागता येते. पालिकाही या अधिनियमाच्या अर्थाने ‘खरेदीदार’ आहे. माल व सेवा देणाऱ्यास हा आधार भक्कम. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र कार्य-कंत्राटे त्याच्या कक्षेबाहेर धरली आहेत, त्यामुळे रस्ता बांधणारा लघुउद्योजक परिषदेच्या दारातूनच परत फिरतो. करोनाकाळानंतर ठाण्यात ठेकेदारांच्या थकीत देयकांचा प्रश्न वर्तमानपत्रांत वारंवार आला. नवी मुंबईची आर्थिक पत तुलनेने बरी मानली जाते. सुरक्षा अनामत दोष दायित्व कालावधी (कामातील दोष दुरुस्त करून देण्याची मुदत) संपल्यावर परत मिळते. ती आपोआप येत नाही, अर्ज करावा लागतो.